ट्रॉलीचे पासिंग किती? ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या कायदेशीर वजनाचा हिशेब

"तुमची ट्रॉली किती टनाची?" असे एखाद्या ट्रॅक्टरमालकाला विचारले, तर बहुधा तीनपैकी एक उत्तर मिळते. कोणी ट्रॉली बांधून देणाऱ्या वर्कशॉपवाल्याने सांगितलेला आकडा सांगतो, कोणी मागच्या गळीत हंगामात एका खेपेला काट्यावर भरलेले सर्वांत जास्त टनेज सांगतो, तर कोणी ट्रॅक्टरच्या बॉनेटवर हात ठेवून "पन्नास एचपी आहे, काय वाटेल ते ओढतो" असे म्हणतो. मोटार वाहन निरीक्षकाने रस्त्यात गाडी थांबवली, की या तिन्ही उत्तरांना काही किंमत उरत नाही. तो ट्रॉलीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरचा एकच आकडा बघतो आणि काटा पावतीवरचे वजन त्याच्याशी ताडून पाहतो. गावोगावच्या बोलीत या आकड्याला 'पासिंग' म्हणतात. हे पासिंग कोठे लिहिलेले असते, त्यातून प्रत्यक्ष किती माल भरता येतो, तो माल काट्यावर आणि काट्याविना कसा मोजावा आणि मर्यादा ओलांडली गेल्यास कायदा काय करतो, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे. उदाहरणे ऊस, वाळू, खत आणि पाणी यांची घेतली आहेत, कारण महाराष्ट्रातील ट्रॉल्या बहुतांशी याच मालासाठी रस्त्यावर येतात.

पहिली पायरी: ट्रॉली हे स्वतंत्र वाहन आहे, हे मान्य करणे

बहुतेक चुकांचे मूळ एका समजुतीत आहे. ट्रॉलीला इंजिन नाही, म्हणजे ती नांगर किंवा रोटाव्हेटरसारखे ट्रॅक्टरला जोडायचे एक अवजारच, असे अनेकांना वाटते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २(२८) मध्ये 'मोटार वाहन' या संज्ञेची जी व्याख्या दिली आहे, तिच्यात ट्रेलरचा स्पष्ट समावेश केलेला आहे, आणि कलम २(४६) नुसार मोटार वाहनाने ओढले जाणारे किंवा ओढण्यासाठी बनवलेले वाहन म्हणजे ट्रेलर होय. साइडकार आणि सेमी-ट्रेलर मात्र त्यातून वगळले आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये 'कृषी ट्रेलर' अशी वेगळी व्याख्याही आहे. शेतमाल वाहण्यासाठी मुख्यत्वे वापरला जाणारा, सहसा वरून उघडा, एक किंवा दोन धुऱ्यांचा (म्हणजे अ‍ॅक्सलचा) आणि शेतीच्या ट्रॅक्टरला जोडला जाणारा ट्रेलर, असे त्याचे वर्णन आहे. 'कृषी' हा शब्द पाहून नोंदणीतून सुटका झाली, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. कलम ६१ प्रमाणे नोंदणीविषयीच्या तरतुदी इतर मोटार वाहनांना जशा लागू होतात, तशाच त्या ट्रेलरलाही लागू होतात.

त्यामुळे घरात एक ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या असतील, तर नोंदणी प्रमाणपत्रे तीन असली पाहिजेत. ती घरातील कागदपत्रांच्या पिशवीतून बाहेर काढा, तिन्ही समोर ठेवा, आणि त्यांच्यावरचे चासी क्रमांक ट्रॉल्यांच्या सांगाड्यावर ठोकलेल्या क्रमांकांशी जुळतात का, हे पाहून घ्या. वापरलेली ट्रॉली विकत घेताना कागद एका ट्रॉलीचे आणि लोखंड दुसऱ्या ट्रॉलीचे, असा प्रकार आपल्याकडे अगदीच दुर्मीळ नाही. कलम ६१ मध्येच आणखी एक गोष्ट सांगितली आहे, ती म्हणजे ओढणाऱ्या वाहनाचा क्रमांक ट्रॉलीवर, आणि एकामागे एक ट्रॉल्या असतील तर शेवटच्या ट्रॉलीवर, दिसला पाहिजे. उसाच्या वाढ्यांनी तो झाकला जाणार नाही, अशा जागी तो रंगवावा.

दुसरी पायरी: नोंदणी प्रमाणपत्रावरचे आकडे वाचणे

प्रमाणपत्र छापील असो की मोबाइलवरचे, त्यावर वजनाचे दोन मुख्य आकडे असतात. पहिला 'अनलेडन वेट', म्हणजे रिकाम्या ट्रॉलीचे वजन. ट्रॉली वापरताना तिच्यासोबत नेहमी असणारे साहित्य कायद्याच्या व्याख्येप्रमाणे या वजनात धरले जाते, मात्र चालक किंवा मदतनीस यांचे वजन धरले जात नाही. दुसरा आकडा 'ग्रॉस व्हेईकल वेट' किंवा 'लेडन वेट' या नावाने येतो. ट्रॉलीचे स्वतःचे वजन आणि आतील माल मिळून नोंदणी प्राधिकाऱ्याने मान्य केलेले कमाल एकूण वजन म्हणजे हा आकडा, आणि पासिंग म्हणतात ते यालाच. परिवहन वाहनांची नोंदणी करताना धुरीनिहाय वजन आणि टायरची संख्या व मापही नोंदवली जातात. तुमच्या प्रमाणपत्रावर ती असतील, तर तीही वहीत उतरवून घ्या.

येथे एक साधी वजाबाकी आहे, जी अनेकजण करत नाहीत. पासिंगचा आकडा हा मालाचा आकडा नसतो. उदाहरणापुरती अशी चारचाकी ट्रॉली घेऊ, जिच्या प्रमाणपत्रावर रिकामे वजन १,८०० किलो आणि एकूण वजन ७,८०० किलो लिहिले आहे. लोक हिला 'आठ टनी' म्हणतील आणि आठ टन माल भरतील. कायद्याने तिच्यात भरता येणारा माल ७,८०० वजा १,८००, म्हणजे ६,००० किलो आहे. आठ टन माल भरलेल्या या ट्रॉलीत दोन टनांचा ओव्हरलोड बसतो, आणि मालक मनाशी "पासिंगप्रमाणेच भरले" असे समजत असतो. ही चूक मी चांगल्या हिशेबी माणसांकडूनही झालेली पाहिली आहे.

वजनाची मर्यादा घालणारे मुख्य कलम ११३ आहे. भरलेले वजन नोंदणीतील एकूण वजनापेक्षा जास्त असलेले वाहन किंवा ट्रेलर सार्वजनिक ठिकाणी चालवू नये, चालवायला लावू नये आणि चालवू देऊ नये, असे त्यात म्हटले आहे. त्याच कलमातली एक बाजू फारशी कोणाच्या लक्षात येत नाही, ती अशी की रिकाम्या ट्रॉलीचे वजन नोंदणीतल्या रिकाम्या वजनापेक्षा जास्त भरले, तरीही तो भंगच ठरतो. ट्रॉली नवी घेतल्यावर बाजूंना वाढीव अँगल वेल्ड करणे, तळाला जाड पत्रा टाकणे, फाळके उंच करणे, मागे जास्तीचा हुक बसवणे ही कामे सर्रास केली जातात. यातला प्रत्येक तुकडा रिकामे वजन वाढवतो आणि तेवढाच मालाचा हक्क कमी करतो. शिवाय नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल करण्यास कलम ५२ मनाई करते, आणि कलम १८२-अ नुसार मालकाला अशा प्रत्येक बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड होऊ शकतो. फाळके वाढवून पासिंग वाढत नाही. त्यामुळे फक्त जास्त माल भरण्याचा मोह वाढतो.

तिसरी पायरी: काटा पावती उलगडणे

साखर कारखान्याच्या किंवा रस्त्याकडेच्या वजनकाट्यावर ट्रॅक्टर आणि ट्रॉली एकत्रच उभे राहतात. त्यामुळे पावतीवरचे भरलेले वजन आणि रिकामे वजन ही दोन्ही ट्रॅक्टरसकट असतात, तर निव्वळ वजन हे तेवढे मालाचे असते. कायदा मात्र ट्रॉलीचे वजन स्वतंत्र मागतो. ट्रॅक्टरचा वाटा वेगळा काढण्यासाठी हंगामाच्या सुरुवातीला एकदा पुढील पद्धतीने वजन करून घ्यावे.

प्रथम रिकाम्या ट्रॉलीसह ट्रॅक्टर काट्यावर घ्या आणि पावती घ्या. मग ट्रॉली सोडून फक्त ट्रॅक्टर काट्यावर घ्या. दोन्ही वेळा चालक आपल्या सीटवर बसलेला असावा आणि डिझेल जवळपास तेवढेच असावे, म्हणजे त्यांचे वजन वजाबाकीत आपोआप निघून जाते. समजा, पहिली पावती ४,०५० किलोची आणि दुसरी २,१५० किलोची आली. ट्रॉलीचे खरे रिकामे वजन १,९०० किलो निघाले. वरच्या उदाहरणातील प्रमाणपत्रात ते १,८०० आहे, म्हणजे मधल्या काळात वेल्डिंगने १०० किलो लोखंड चढले आहे. हे १०० किलो उतरवावे लागतील, किंवा केलेल्या बदलाबाबत परिवहन कार्यालयात रीतसर विचारणा करावी लागेल. ते तसेच ठेवून मालात १०० किलोची कपात केली, तर एकूण वजनाची अट पाळली जाते, पण रिकाम्या वजनाची अट मोडलेलीच राहते.

आता भरलेल्या खेपेची पावती घेऊ. एकत्रित भरलेले वजन ११,९५० किलो, एकत्रित रिकामे वजन ४,०५० किलो, निव्वळ ऊस ७,९०० किलो. ट्रॉलीचे भरलेले वजन म्हणजे १,९०० अधिक ७,९००, एकूण ९,८०० किलो. पासिंग ७,८०० किलो आहे. जादा माल बरोबर दोन टन ठरतो, आणि दंडाचा हिशेब याच आकड्यावर होतो.

काही जण ट्रॅक्टर काट्याच्या पुढे उतरवून, पिन न काढता, फक्त ट्रॉलीची चाके काट्यावर ठेवतात. चारचाकी ट्रॉलीसाठी ही पद्धत बऱ्यापैकी चालते, कारण तिचा जवळजवळ सगळा भार तिच्या चारही चाकांवर असतो. दोनचाकी ट्रॉलीचा काही भार मात्र दांडीवाटे ट्रॅक्टरच्या हिचवर, म्हणजे मागच्या जोडणीवर, येतो, म्हणून अशा वजनात माल कमी दिसतो. दोनचाकी ट्रॉलीसाठी वर दिलेली वजाबाकीचीच पद्धत वापरावी. आणखी एक गोष्ट म्हणजे काट्यावर वैधमापनशास्त्र विभागाचे चालू पडताळणीचे मुद्रांकन आहे का, हे बघावे. ज्या काट्यावर तुमचा माल कमी भरतो अशी तुमची तक्रार आहे, त्याच काट्याची पावती तुम्ही ओव्हरलोड नसल्याचा पुरावा म्हणून दाखवणार असाल, तर गोष्ट जरा अवघड होते.

चौथी पायरी: काटा जवळ नसताना अंदाज बांधणे

शेतात, नदीकाठी किंवा दुकानासमोर माल भरताना काटा नसतो. तेथे आधी ठरवलेले काही ठोकताळे उपयोगी पडतात.

वाळू, खडी आणि मुरूम आपल्याकडे ब्रासने मोजतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. कोरड्या, मोकळ्या वाळूचे एक ब्रास साधारण साडेचार टन भरते, आणि ओली वाळू त्याहून बरीच जड असते. वरच्या ट्रॉलीत सहा टनांची मुभा आहे, म्हणजे कोरड्या वाळूचे सव्वा ब्रासपर्यंतच काम. "दोन ब्रासची ट्रॉली" हे शब्द ट्रॉलीचे आकारमान सांगतात. त्या आकारमानाइतकी वाळू भरण्याची कायद्याने परवानगी आहे, असा त्यांचा अर्थ होत नाही. वाळू उपसा आणि वाहतुकीचे महसूल खात्याचे परवाने हा पुन्हा वेगळा विषय आहे आणि त्यांनी मोटार वाहन कायद्याची वजनमर्यादा शिथिल होत नाही.

पोत्यांच्या मालाचा हिशेब सर्वांत सोपा. सिमेंटचे पोते ५० किलोचे, डीएपीचे पोते ५० किलोचे आणि युरियाचे नेहमीचे पोते ४५ किलोचे असते. सहा टनांत सिमेंटची १२० पोती बसतात. भाजलेल्या विटेचे वजन भट्टीप्रमाणे आणि मापाप्रमाणे बदलते. तीन किलोची वीट धरली, तर २,००० विटांनी सहा टन पूर्ण होतात. तरीही आपल्या भागातील दहा विटा तोलून मग गुणाकार करणे अधिक चांगले. पाण्याचा टँकर सगळ्यांत प्रामाणिक, कारण एक लिटर म्हणजे एक किलो. ५,००० लिटरच्या टँकरमध्ये पाच टन पाणी आणि त्यावर टाकीचे स्वतःचे वजन असते. साध्या ट्रॉलीत सुटी टाकी ठेवून पाणी वाहत असाल, तर ती रिकामी टाकीही मालातच धरली पाहिजे.

उसाचे प्रकरण जरा नाजूक आहे. मोळीचे वजन ऊसतोड करणाऱ्या टोळीवर, उसाच्या जातीवर, पाचटावर आणि पाण्याच्या पाळीवर अवलंबून असते, म्हणून कोणताही तयार आकडा येथे देणे योग्य होणार नाही. फडात पहिल्या दिवशी दहा मोळ्या ताणकाट्यावर तोलून सरासरी काढावी आणि त्या फडापुरती तीच वापरावी. सरासरी १५ किलो निघाली, तर सहा टनांसाठी ४०० मोळ्या पुरतात. दोन-तीन खेपांच्या पावत्या आल्या, की मोळ्यांची संख्या आणि निव्वळ वजन यांचा मेळ घालून सरासरी दुरुस्त करता येते. वाहतुकीचे बिल टनावर आणि अंतरावर ठरत असल्यामुळे खेपा कमी करून टनेज वाढवण्याकडे कल जातो, हे उघड आहे. म्हणूनच मोळ्यांची मोजणी चालकावर किंवा टोळीवर सोडू नये. मालकाने आणि मुकादमाने मिळून हा आकडा आधीच ठरवावा.

कागदावर बसते, पण लोखंडाला झेपते का?

पासिंग ही कायद्याची वरची मर्यादा आहे. प्रत्यक्षात टायर, हिच आणि ट्रॅक्टर यांच्या स्वतःच्या मर्यादा असतात, आणि या सर्वांत जो आकडा सर्वांत लहान असेल तोच पाळावा लागतो.

टायरच्या बाजूवर त्याचे माप, प्लाय रेटिंग आणि पुष्कळदा कमाल भार व त्यासाठी लागणारा हवेचा दाब लिहिलेला असतो. चार टायरांची एकत्रित क्षमता ट्रॉलीच्या भरलेल्या वजनापेक्षा जास्त असली पाहिजे, आणि तीही लिहिलेल्या दाबावर. ट्रकमधून काढलेले, पुन्हा रबर चढवलेले टायर ट्रॉलीला लावण्याची पद्धत सर्वत्र आहे. अशा टायरवर छापलेला मूळ आकडा फारसा विश्वासार्ह राहत नाही.

ट्रॅक्टर किती ओढू शकतो, हे त्याच्या पुस्तिकेत दिलेले असते. एचपीवरून तो आकडा काढू नये. ओढण्याची ताकद इंजिनात असली, तरी थांबवण्याची ताकद ब्रेकमध्ये आणि ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनात असते. आपल्याकडील बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतात. दोन-सव्वादोन टनांच्या ट्रॅक्टरने नऊ-दहा टनांची ट्रॉली उतारावर रोखायची, म्हणजे चौपटीहून अधिक वजन मागून ढकलत असताना फक्त ट्रॅक्टरच्या चाकांनी जमीन धरून ठेवायची. ट्रॉली तिरकी येऊन ट्रॅक्टरला बाजूला फेकते, ते याच कारणाने. उताराला लागण्याआधी खालचा गिअर टाकावा आणि उतारावर क्लच दाबू नये किंवा गाडी न्यूट्रल करू नये. ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकासाठी दोन वेगवेगळे ब्रेक पेडल असतात. शेतात वळताना ते स्वतंत्र वापरतात, पण डांबरी रस्त्यावर येण्यापूर्वी त्यांना जोडणारी पट्टी लावलीच पाहिजे. ती पट्टी गंजून किंवा हरवून गेली असेल, तर भरलेली ट्रॉली बाहेर काढण्याआधी ती बसवून घ्या. या लेखातील इतर सर्व गोष्टी त्यानंतर केल्या तरी चालतील.

दोनचाकी ट्रॉलीत माल कसा मांडला, यालाही महत्त्व आहे. धुरीच्या पुढे फार माल झाला, तर दांडीवरचा दाब वाढून चढावर ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली जातात आणि स्टिअरिंग हलके होते. धुरीच्या मागे फार झाला, तर दांडी वर उचलते आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड जाते. एकूण वजन मर्यादेत असूनही या दोन्ही गोष्टी होऊ शकतात. माल धुरीच्या किंचित पुढे झुकलेला असावा.

डबल ट्रॉलीसाठी वरचा सगळा हिशेब प्रत्येक ट्रॉलीला वेगवेगळा करावा. एका ट्रॉलीतील शिल्लक मुभा दुसऱ्या ट्रॉलीला देता येत नाही. पहिल्या ट्रॉलीच्या मागच्या हुकावर आणि सांगाड्यावर दुसऱ्या ट्रॉलीचा सगळा ताण येतो, आणि तो हुक बहुधा गावातच वेल्ड केलेला असतो. जास्त वजनाची ट्रॉली नेहमी पुढे जोडावी.

रस्त्यात थांबवल्यास काय होते

कलम ११४ नुसार, मर्यादेपेक्षा जास्त माल असल्याचा रास्त संशय आल्यास अधिकृत अधिकारी वाहन वजनकाट्यावर नेण्यास सांगू शकतो. हा काटा पुढच्या मार्गावरील कोणत्याही ठिकाणापासून दहा किलोमीटरच्या आत किंवा जेथे माल पोहोचवायचा त्या ठिकाणापासून वीस किलोमीटरच्या आत असला पाहिजे. वजन जास्त भरले, तर अधिकारी जादा माल चालकाच्या जबाबदारीवर उतरवण्याचा लेखी आदेश देऊ शकतो, आणि माल उतरेपर्यंत वाहन हलवता येत नाही. दंड भरला म्हणजे जादा मालासह पुढे जाण्याची सोय झाली, ही समजूत चुकीची आहे. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही, तडजोड शुल्क घेऊन ओव्हरलोड वाहन तसेच पुढे सोडता येणार नाही, असे स्पष्ट केले होते.

दंडाचे दर कलम १९४ मध्ये आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ते २०,००० रुपये आणि त्याशिवाय प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये असे झाले असून, माल उतरवण्याचा खर्च वेगळा द्यावा लागतो. आपल्या उदाहरणातील दोन टनांसाठी २०,००० अधिक ४,०००, म्हणजे २४,००० रुपये होतात. तडजोडीने मिटवण्याचे शुल्क राज्य शासन कलम २०० खाली ठरवते, म्हणून चालानावरचा आकडा वेगळा असू शकतो. वजन करण्यास नकार देणे, थांबण्यास नकार देणे किंवा काट्यावर पोहोचण्याआधी रस्त्यात माल टाकून देणे, यांसाठी ४०,००० रुपये दंड आहे. "चार मोळ्या ओढ्यात टाक" असा सल्ला फोनवर देणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

वजन बरोबर असले, तरी माल बाजूंना, पुढे, मागे किंवा परवानगीपेक्षा उंच बाहेर आला असेल, तर कलम १९४(१-अ) खाली स्वतंत्र २०,००० रुपये दंड आहे. उसाच्या ट्रॉलीला वजनापेक्षा ही तरतूद जास्त वेळा लागू पडू शकते, कारण आडव्या भरलेल्या उसाचे शेंडे दोन्ही बाजूंना लोंबत असतात आणि रात्री समोरून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराला ते दिसतच नाहीत. ऊस लांबीच्या दिशेने भरावा आणि वाढे आत वळवून दोर आवळावा. मागचे लाल परावर्तक आणि दिवे मालाने झाकले गेले असतील, तर ते पुसून किंवा हलवून पुन्हा दिसतील असे करावे. पूल किंवा रस्ता जड वाहनांसाठी बंद असल्याचा कलम ११५ खालील आदेश मोडल्यासही कलम १९४ चाच दंड लागतो, त्यामुळे गावाजवळच्या जुन्या पुलावरची पाटी वाचून मार्ग ठरवावा.

मालक गाडीवर नव्हता, हा बचाव फारसा टिकत नाही. कलम १९४ वाहन चालवणाऱ्याला जसे लागू आहे, तसेच ते चालवायला लावणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्यालाही लागू आहे. शिवाय रिकामे वजन नोंदणीपेक्षा जास्त असेल आणि गाडीवर मालक नसून दुसरा कोणी असेल, तर ते मालकाच्या माहितीने किंवा आदेशाने घडले, असे न्यायालय कलम ११३(४) नुसार गृहीत धरू शकते.

परवाना आणि विमा

ट्रॅक्टरचे रिकामे वजन ७,५०० किलोपेक्षा जास्त नसेल, तर तो हलके मोटार वाहन ठरतो, आणि केवळ ट्रॉली जोडली म्हणून ट्रॅक्टर चालवण्याचा परवाना निकामी होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये म्हटले आहे. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे परिवहन वाहन वेगळ्या शेऱ्याविना चालवता येते, असेही ठरवले. या ७,५०० च्या रेषेमुळे पासिंगचा आकडा परवान्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचा होतो, आणि मोठ्या ट्रॉलीवर चालक ठेवताना त्याच्या परवान्यावरील वर्ग आधी तपासून घेणे शहाणपणाचे ठरते.

ट्रॉली हे मोटार वाहन असल्यामुळे तिला तृतीय पक्ष विमा लागतो. ट्रॅक्टरच्या पॉलिसीत ट्रॉलीचा क्रमांक आणि तिच्यासाठीचा हप्ता स्वतंत्र दाखवला आहे का, हे पाहावे. नसेल, तर ट्रॉलीने झालेल्या अपघाताची भरपाई मालकाच्या अंगावर येण्याचा धोका असतो. पॉलिसी शेतीच्या वापराची आहे की भाड्याच्या वाहतुकीची, तेही बघावे. शेतीच्या वापरासाठी घेतलेल्या पॉलिसीवर दुसऱ्याच्या बांधकामाची वाळू किंवा विटा भाड्याने वाहिल्या आणि अपघात झाला, तर विमा कंपनी जबाबदारी नाकारण्याचा पहिला मुद्दा हाच मांडते. उसावर किंवा पोत्यांवर मजूर बसवून नेणे तर पूर्णपणे टाळावे. मालवाहू वाहनातून असेच बसून जाणाऱ्या माणसांची जबाबदारी सक्तीच्या विम्यात येत नाही, असे न्यायालयांनी अनेकदा सांगितले आहे, आणि ट्रॉलीवर बसलेल्या मजुराच्या एका प्रकरणात २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही विमा कंपनीची मूळ जबाबदारी मान्य केली नव्हती.

आता शेवटचे काम राहिले, आणि त्याला रंगाचा एक डबा पुरतो. नोंदणीतील एकूण वजनातून काट्यावर निघालेले खरे रिकामे वजन वजा करा, त्यातून ओलावा आणि अंदाजातील चुकीसाठी ३०० किलो सोडा, आणि उरलेला आकडा ट्रॉलीच्या आतल्या पुढच्या पत्र्यावर, माल भरणाऱ्याला उभ्याने दिसेल एवढ्या मोठ्या अक्षरांत रंगवून ठेवा. आपल्या उदाहरणातील ट्रॉलीवर "माल ५,६०० किलो" असे लिहिले जाईल. त्याखाली चालू फडाच्या मोळ्यांची संख्या खडूने लिहावी, म्हणजे फड बदलला की ती पुसून नवी लिहिता येते.